अर्धा अर्थ

"अर्थ झाला, टीचर. आता त्याचं गाव सांगा."

मापाची टेप गळ्यात अडकवून, मान किंचित तिरकी करून अण्णा हे म्हणायचे. दुकानात त्या वेळी कोणी नवं गिऱ्हाईक असलं तर ते गोंधळून माझ्याकडे बघायचं. शब्दाचं गाव म्हणजे तो कुठल्या भाषेतून आला ते, हे जुन्या गिऱ्हाइकांना सवयीनं कळलेलं होतं.

अण्णा शिंपी होते. चामराजपेटेत, मी शिकवायचे त्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात. शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. पहिल्याच महिन्यात ब्लाउज शिवायला टाकायला गेले आणि मोडक्यातोडक्या कानडीत गळ्याची खोली समजावू लागले, तर समोरून मराठी आलं, "मराठीतच सांगा की. आम्हीबी तेच."

त्यांचं मराठी माझ्या मराठीसारखं नव्हतं. "स्वल्प बसा", होकाराला "सरी, सरी" अशी कानडी त्यात सहज येऊन बसायची. त्यांचं घराणं इकडे आलं त्याला तीनशे वर्षं झाली असतील. आलं कुठून, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना विचारलेलं. त्यांनाबी ठाऊक नव्हतं," असं ते हसत सांगायचे. "माणसाचं गाव हरवलं तर हरवलं. शब्दाचं तरी सापडतं का बघू."

म्हणून मी दुकानात गेले की एखादा इंग्रजी शब्द माझी वाट बघत असायचा. तो कधी कापडाच्या ताग्यावर छापलेला असायचा, तर कधी मुलीच्या पुस्तकातला. एकदा त्यांनी 'टेलर' विचारला. घरी जाऊन शब्दकोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की तो फ्रेंचमधून आला आणि मूळ अर्थ 'कापणारा'. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघा! शिवणारा नाही म्हणाले ते. शिवायला काय, कोणीबी शिवतं. कापायला धीर लागतो." आपली कात्री आणि कानडीतली कत्तरी या दोघी एकाच आईच्या, हे सांगितलं त्या दिवशी तर त्यांनी मला कॉफी पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दिसायला ते फार देखणे होते. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या चेहऱ्याचा आणि धंद्याचा मेळच बसत नाही. रुंद कपाळ, दाट भुवया, मागे वळवलेले भरघोस केस, कानाखाली उतरलेले कल्ले. मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक असायचं आणि त्यात राजाचं काम वर्षानुवर्षं अण्णांकडे. "पाठांतर माझं कच्चं," ते स्वतःच सांगायचे, "पण नुसता येऊन उभा राहिलो तरी टाळी." काज-बटणं करत बसलेल्या वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मान वर न करता म्हणायच्या, "नाटक संपून आठ दिवस झाले तरी घरात राजाच. पाणीबी हुकूम सोडून मागायचे."

उमा ही त्यांची एकुलती मुलगी. मी ओळखू लागले तेव्हा ती बी.कॉम. करत होती. बापासारखंच कपाळ आणि बापासारखंच ठाम बोलणं. वडिलांना ती अप्पा म्हणायची.

आमच्या ओळखीला तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मी सायीच्या रंगाचा ब्लाउज आणायला गेले होते. अण्णांनी तो उलगडून दाखवला तर बाहीवर रक्ताचा डाग.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी ब्लाउज पाहिला, मग हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या पेरात टाचणी शिरलेली होती आणि अजून तिथेच होती. टाचण्यांच्या उशीतून काढावी तशी त्यांनी ती ओढून काढली.

"कळलंच नाही बघा. शिवून शिवून कातडी जाड झाली."

मला ते पटलं. चाळीस वर्षं सुई धरलेला हात, त्याला टाचणीचं काय वाटणार? डाग त्यांनी स्वतःच धुऊन दिला. त्यानंतर एकदा इस्त्रीला टेकलेलं मनगट भाजून फोड आला, तेव्हाही त्यांना वासावरून समजलं.

चेहरा भरत चालला होता. गाल तुकतुकीत दिसायचे, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, कपाळावर दोन ठसठशीत वळ्या. "अण्णा, तब्येत सुधारली," असं लोक म्हणायचे, मीही म्हटलं. भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होत होत्या, ते दिसूनही कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्यांनी मागेच लागून त्यांना जयनगरच्या एका कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे गर्दी होती. डॉक्टरांनी चेहरा निरखला, पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या, हातावर कापसाचा बोळा फिरवला आणि एक चिठ्ठी लिहून दिली. मोठ्या दवाखान्यात जा, तिथे सगळं नीट सांगतील, एवढंच म्हणाले.

ती चिठ्ठी घेऊन शनिवारी दुपारी अण्णा आमच्या घरी आले. ते घरी आले असं तोवर कधी झालं नव्हतं. चपला बाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी कागद पुढे केला. चार ओळींचं इंग्रजी होतं. एका जागी त्यांनी बोट ठेवलं.

"हा शब्द लागत नाही."

मी वाचला. 'लिओनाइन फेशीज'. त्याच्यापुढे 'मॅडारोसिस', मग प्रश्नचिन्ह आणि 'एच. डी.', आणि खाली तपासणीची विनंती.

शब्दकोश काढला. "लिओनाइन हे विशेषण आहे, अण्णा. सिंहासारखा. फेशीज म्हणजे चेहरा."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "सिंहासारखा चेहरा? डॉक्टरनं लिहिलंय?"

"हो. असंच लिहिलंय."

"आणि गाव?"

"लॅटिन. लिओ म्हणजे सिंह. लॅटिनमध्ये ग्रीकमधून आला. त्याच्या मागे कुठून आला, हे नक्की कोणी सांगत नाही."

"म्हणजे त्याचंबी हरवलंय." ते मोकळे हसले. "आणि आपला सिंह?"

त्याचंही मी सांगितलं. मारणे या अर्थाचा हिंस् धातू आहे, त्याची अक्षरं उलटून सिंह झाला असं जुने पंडित मानतात. अण्णांनी ते बोटानं हवेत लिहून पाहिलं, पुढून आणि मागून. इतका आनंदलेला माणूस मी फार क्वचित पाहिला आहे.

"बाकीचं काय लिहिलंय?"

बाकीचं मला कळलं नव्हतं. मॅडारोसिस माझ्या कोशात नव्हता. एच. डी. म्हणजे काय, याचा पत्ता नव्हता. डॉक्टर कागदावर कोणाचं कौतुक लिहीत नाहीत, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला होता. मला तो पक्का आठवतो, कारण तो आल्यावर मी कोश मिटला.

"बाकी डॉक्टरी भाषा आहे," मी म्हणाले. "एकदा जाऊन दाखवून या." शेजाऱ्याची वाटी परत करायची आठवण द्यावी, तेवढ्याच सहज म्हणाले.

ते गेले नाहीत. आधी आमच्या शाळेचे गणवेश शिवायचे होते, मग गौरी-गणपतीची शिलाई, मग दसरा. चिठ्ठी मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशात असायची. इंग्रजी येणारं गिऱ्हाईक आलं की ती बाहेर निघायची. "वाचा बघू, डॉक्टरनं काय लिहून दिलंय." गिऱ्हाईक अडखळलं की स्वतःच सांगायचे, "लिओनाइन. सिंहासारखा. लॅटिन आहे." मी दुकानात असले तर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मीही हसायचे.

असे आठ महिने गेले.

उमाला एक स्थळ आलं. मल्लेश्वरमचं, त्यांच्याच समाजातलं, मुलगा बँकेत. रविवारी सकाळी मंडळी बघायला यायची होती. "टीचर, तुम्ही आलंच पाहिजे," असं उमानं बजावलं होतं, म्हणून मीही जाऊन बसले. मुलगा, त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ. हा भाऊ डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. वहिनींनी उप्पीट आणि केसरीभात केला होता. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात, भरल्या आवाजात सगळ्यांची चौकशी करत होते. उमा आणि मुलगा एकमेकांशी बोलले, हसलेही. मुलाची आई मात्र मधेमधे अण्णांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"तब्येत बरी आहे ना तुमची? चेहरा स्वल्प सुजल्यासारखा वाटला."

"सूज नाही हो!" अण्णा हसले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. मी उप्पीट खात होते. "हे बघा. डॉक्टरनंच लिहून दिलंय. तुम्ही वाचा," त्यांनी कागद त्या धाकट्या भावाला दिला, "तुम्ही तर डॉक्टर होणार."

त्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हाताकडे पाहिलं. कागद होत्या त्याच घड्यांवर दुमडून दोन्ही हातांनी परत केला.

"लिओनाइन," अण्णा म्हणाले. "बरोबर ना?"

"हो," तो म्हणाला. "बरोबर."

त्यानं बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

मंडळी निघाली तेव्हा तो चपला घालायला मुद्दाम मागे राहिला. मी दारात होते. "तुम्ही घरच्याच का?" त्यानं विचारलं. मी शेजारची शिक्षिका म्हटल्यावर त्यानं आवाज खाली केला.

"एच. डी. म्हणजे हॅन्सन्स डिसीज. कुष्ठरोग. त्यांना कोणी सांगितलं नाही?"

मी विचारलं, "आणि लिओनाइन?"

"या रोगात चेहऱ्याची कातडी जाड होते, घड्या पडतात. जुन्या ग्रीक वैद्यांना तो चेहरा सिंहासारखा वाटला, तेव्हापासून तसंच म्हणतात. भुवया जातात त्याला मॅडारोसिस." त्यानं दुसरी चप्पल पायात घातली. "पूर्ण बरा होतो. औषध फुकट मिळतं. पण उद्याच घेऊन जा त्यांना. त्या चिठ्ठीवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची आहे."

"तुम्ही घरी सांगाल?"

"नाही," तो म्हणाला. "मी नाही सांगणार."

चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. त्या धाकट्या भावानंच घरी सांगितलं, का त्याच्या आईनं स्वतःच्या डोळ्यांनी जे ओळखायचं ते ओळखलं, हे मला कधीच कळलं नाही. तो मुलगा मला खोटा वाटला नव्हता.

अण्णांना सांगायचं काम माझं होतं. अर्थ मी सांगितला होता, तेव्हा उरलेला अर्थही मीच सांगायला हवा होता. तो निरोप येण्याआधीच, दुसऱ्या दिवशी सोमवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. वहिनी बाजारात गेल्या होत्या. ते मशीनवर होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, मधे थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. मशीनचं चाक फिरत होतं, त्यावर त्यांनी तळहात ठेवून ते थांबवलं.

"म्हणजे महारोग," ते म्हणाले. तो शब्द मी उच्चारला नव्हता.

"औषधानं जातो, अण्णा. पूर्ण जातो."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"नाही. पण एक शब्द कोशात सापडला नव्हता. ते तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही खूश होता."

त्यांनी मान हलवली. "होय की. लई खूश होतो."

मग उठून ते गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशापुढे जाऊन उभे राहिले. कानाची पाळी धरून पाहिली, कपाळावरच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. "मीबी रोज बघत होतो, टीचर. मला वाटायचं, वयानं रुबाब वाढला."

मी रडायला लागले, तर त्यांनी आतून पाणी आणलं. पेला माझ्या हातात द्यायला पुढे केला आणि मधेच थांबून तो टेबलावर ठेवला. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी तो हातात दिला असता.

दुसऱ्या दिवशी वहिनी, अण्णा आणि मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, कानडीत भरभर आणि प्रेमानं बोलायच्या. त्यांनी अण्णांचा हात आपल्या हातात घेतला, कोपराच्या मागची शीर दाबून पाहिली, डोळे मिटायला लावून बोटांना पेनाचं टोक लावलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली होती. गोळ्या दोन वर्षं घ्यायच्या, औषध सुरू झालं की काही दिवसांतच इतरांना धोका राहत नाही, घर सोडायची गरज नाही, हे त्यांनी वहिनींना दोनदा समजावलं.

"आणि बोटं?" अण्णांनी विचारलं.

बाईंनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली. "तेव्हाच आला असता तर वाचली असती."

मी शेजारच्या स्टुलावर होते. अण्णा ताबडतोब म्हणाले, "गणवेशाची गडबड होती, मॅडम. मीच आलो नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

औषधानं रोग हटला. त्याच औषधानं रंग काळवंडला, सूज उतरली तशी चेहऱ्याची कातडी सैल पडली, आणि रंगाच्या बदलानं लोक चौकशी करू लागले. आम्ही कोणी सांगितलं नाही, तरी गल्लीला कळलं. आधी ब्लाउज यायचे थांबले. माप द्यायला जवळ उभं राहावं लागतं ना. मग आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. मी डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मला पटतं. पालकांना कसं पटवू?" पुढच्या जूनला गणवेश दुसरीकडून आले. ते घालून आलेल्या मुलांना मी व्याकरण शिकवत राहिले.

तोवर दोन्ही बोटं पुरती वाकली होती. कात्री धरली की अर्ध्या वाटेत निसटायची. अण्णांनी ती गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि शहराबाहेरच्या एका संस्थेत राहायला जायचं ठरवलं. बरे झालेले पुष्कळ रोगी तिथे राहत, काम करत. शिवणकामाची शेड होती आणि शिकवणारा हवा होता.

"डॉक्टर मॅडम घरीच राहा म्हणतात," वहिनी रडत म्हणाल्या.

"मॅडमना मुलगी उजवायची नाही."

"अप्पा, मला नाही करायचं लग्न," उमा म्हणाली.

"करशील," ते म्हणाले. पूर्वी हुकूम सोडायचे तेव्हा शेवटी हसायचे. या वेळी हसले नाहीत.

लोकांना सांगितलं गेलं, की ते दावणगेऱ्याला भावाकडे असतात. वहिनी दर पंधरवड्याला जायच्या, महिन्यातून एकदा मी बरोबर असायचे. शेडमध्ये ते मधोमध उभे राहून नुसत्या बोलण्यानं कापणं शिकवायचे. "धीर धर. रेघेच्या बाहेरून नको, रेघेवरून." पाय सुन्न झालेल्यांसाठी संस्थेतच मऊ काळ्या रबराच्या चपला बनत, त्यांच्या पायातही तशाच असायच्या. आमचं बोलणं शाळेचं, उमाच्या नोकरीचं, तिथल्या जेवणाचं. शब्द त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.

उमाला एका कचेरीत नोकरी लागली आणि तिथल्याच एकाशी तिचं जुळलं. तिनं त्याला सगळं स्वतः सांगितलं. तो म्हणाला, मला चालतं, माझ्या आईवडिलांना मात्र आत्ता सांगायला नको. लग्न ठरलं. अण्णांनी वहिनींजवळ निरोप पाठवला, की पत्रिकेवर माझं नाव छापा आणि ऐन वेळी आजारी पडलो म्हणा. कन्यादान दावणगेऱ्याच्या काकांनी केलं. उमा त्या वेळी खाली मान घालून होती. नवऱ्या मुली बसतातच तशा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी उमा आणि तिचा नवरा अण्णांना भेटायला निघाले. उमाला मी बरोबर हवी होते. बसनं गेलो. फाटकाजवळ चिंचेखाली सिमेंटचा बाक होता, तिथे थांबलो आणि राखणदार आत निरोप द्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "गावात गेलेत. संध्याकाळी येतील."

शेडच्या दाराशी काळ्या चपला मला दिसत होत्या. तशा त्या तिथे सगळ्यांच्याच असत. पण मी पाणी पिण्याचं निमित्त करून आत गेले.

ते शेवटच्या मशीनमागे, खिडकीपासून दूर बसले होते. स्वच्छ सदरा, नीट विंचरलेले केस. आम्ही येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"अण्णा, जावई आलाय. त्याला सगळं माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं, टीचर. बघणं वेगळं."

त्यांचं नाक बसलं होतं, भुवयांच्या जागी नुसती कातडी होती. मला सवय झाली होती, म्हणून ते मला रोजच्यासारखे दिसत होते. नव्या माणसाला कसे दिसतील याचा मी पहिल्यांदाच विचार केला.

"लग्नाला तीन दिवस झाले," ते म्हणाले. "उद्या त्यांना पोर होईल. जावई त्याच्या तोंडात हे शोधत बसेल."

"हा रोग तसा येत नाही. तुम्हालाच तर पाठ आहे सगळं."

"ठाऊक आहे. त्यालाबी ठाऊक असेल. तरी शोधेल." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "पुढच्या वेळी भेटतो. आज गावात गेलोय म्हणा."

पुढची वेळ आली नाही. दोनच महिन्यांनी तापाचं निमित्त होऊन अण्णा गेले, आणि उमा पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण त्या सकाळी हे आम्हाला कोणाला दिसत नव्हतं. मी बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं तसंच सांगितलं.

उमानं माझ्याकडे पाहिलं, मग शेडकडे पाहिलं. तिला कळलं असावं. पिशवीतून सुतळीनं बांधलेला खोका काढून तिनं बाकावर ठेवला. राखणदार हाताच्या अंतरावर उभा होता, तरी ती खूप मोठ्यानं बोलली, आणि कानडीत नाही, मराठीत बोलली.

"बेसनाचे लाडू आहेत. मी केलेत. अप्पा आले की द्या."

तिचा नवरा चपलेनं माती उकरत राहिला. तासभर बसून आम्ही उठलो. बसथांबा रस्त्यापलीकडेच होता. बस आली, ती दोघं पुढे चढली, मी मागून. खिडकीशी बसता बसता माझी नजर फाटकाकडे गेली.

अण्णा बाहेर आले होते. आम्ही बसलो होतो त्याच बाकावर, खोका मांडीवर घेऊन बसले होते. सुतळीची गाठ घट्ट होती. वाकलेली बोटं तिच्यावर ठरत नव्हती, पुन्हा पुन्हा घसरत होती. शेजारून राखणदारानं हात पुढे केला तर त्यांनी मानेनं नको म्हटलं, आणि डोकं अगदी खाली घालून ते ती गाठ सोडवत राहिले.